अक्काने राखलेला उंबरठा

मानपाड्याची काशी आमच्या ठाण्याच्या अंगणात येऊन उभी राहिली, तेव्हा मी पोह्याचे पापड उन्हात घालत होते. काशी म्हणजे कल्याणच्या त्या घरची, माझ्या सासरची, शेतावरची बाई. भातकापणीपासून गोठ्यातल्या शेणापर्यंत सगळं तिच्याच अंगावर. आगगाडीत बसून ठाण्याला यायचं तिला काही कारण नव्हतं आणि डोक्यावर टोपलीही नव्हती, तेव्हाच मी काय ते समजले. "बाय गो, आक्का गेली," म्हणाली आणि तुळशीपाशी मटकन खाली बसली. ताप चढला तो चढतच गेला. अक्का गोठ्याशेजारच्या खोलीत पडून होती, काशी येता-जाता पाणी पाजत होती, डॉक्टरला कोणी बोलावलं नाही. मी हात धुतले, सुतकाच्या अंघोळीला उठले, तर काशीने माझा पदर धरला. "आजून सांगायचा हाय. ती पडलेली व्हती ना, तवाच मालकांकडं भटजी आलेला, पत्रिका घेऊन. ठाकुर्लीची पोर हाय. सुतक फिटला का लगीन." ...मी अंघोळ केली. डोळ्यांतून टिपूस आलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि त्या आगीत रडायचं राहूनच गेलं.

अक्का माझी सवत. सवतीवर असा लेख कोणी लिहितं का, असं लोक विचारतील. मी लिहिते. तिला जाऊन आता काही आठवडे झाले, रागाचा पहिला उमाळा ओसरायला हवा होता, पण मेला ओसरतच नाही, उलट दिवसेंदिवस चांगला मुरतो आहे. वाचकांना आधीच सांगून ठेवते. या लेखात पुरुषाच्या शरीराची गोष्ट येणार आहे, पोटाखालची, जिचं नाव चारचौघांत काढत नाहीत ती. ज्यांना लाज वाटत असेल त्यांनी खुशाल पान उलटावं. ज्यांच्या घरी लग्नाची मुलगी आहे, त्यांनी मात्र मेहेरबानी करून उलटू नये.

मी त्या घरात दुसरेपणावर आले तेव्हा तेरा वर्षांची होते. वडील नुकतेच वारले होते, दादा अजून मुंबईला डॉक्टरी शिकत होता, आणि काकांना मला उजवण्याची घाई. स्थळ मोठं, भाताची कोठारं, डोंबिवलीपर्यंत शेती, पहिलीला मूल नाही एवढीच काय ती उणीव. वरातीतून उतरले तर उंबऱ्यात भाकरतुकडा ओवाळायला एक उंच, काळीसावळी, कपाळभर कुंकू लावलेली बाई उभी. मला वाटलं, नणंद असेल. तिने भाकरतुकडा टाकला, माझी नथ ओढली जात होती ती सारखी केली, आणि कानाशी वाकून म्हणाली, "ये गं बाई. तुला फसवलं. जेवलीस का?" ही भागीरथीअक्का. मी भोकाड पसरलं. तिने मला स्वयंपाकघरात नेलं, स्वतःच्या ताटातला दहीभात भरवला, आणि बाहेर सासूबाई हाका मारत होत्या तरी माझं संपेपर्यंत हलली नाही. तिची जीभ फार तिखट होती. सासूबाईंनी एक ऐकवलं की त्यांना दोन परत मिळायची, मग तिला मार मिळायचा, मग पुन्हा तिसरं ऐकवायची. मार खाऊन झाल्यावर बोटं मोडत चुलीशी बसायची आणि म्हणायची, "हं, आता भाकऱ्या."

एकदा विहिरीवर अंघोळ करताना तिच्या ओटीपोटावर मला डाग दिसले. गोल, चकचकीत, कातडी आकसलेली, ओळीने. मी विचारलं हे काय. म्हणाली, "मूल व्हावं म्हणून." डागणीवाला यायचा, लोखंडाची सळई तापवायचा, दोन बायका हात धरायच्या आणि सासूबाई देवाचं नाव घ्यायच्या. त्याआधी कडू काढे झाले होते, सोमवार झाले होते, पिंपळाला प्रदक्षिणा घालून तिचे पाय सुजले होते. आमचे गृहस्थ त्या वेळी ओसरीवर पान जमवत बसलेले असत. कोणी एक बोट त्यांच्याकडे दाखवलं नाही. दाखवणार कसं? धिप्पाड माणूस, झुबकेदार मिशा, हाक मारली तर तळ्यापलीकडे ऐकू जाईल असा आवाज. असल्या माणसात काही उणं असेल हे कोणाच्या स्वप्नातही यायचं नाही.

अक्काला मात्र ठाऊक होतं. तिने मला ते सांगितलं एका दुपारी, आम्ही दोघी मागच्या पडवीत तांदूळ निवडत बसलो होतो तेव्हा. मी तेव्हा न्हाणं होऊन दोनेक वर्षांची संसारी बाई झाले होते आणि "हिचीही कूस कोरडी" अशी कुजबुज सुरू झाली होती. अक्का तांदळातून मान वर न करता म्हणाली, "यमू, तुझ्यात काही खोट नाही. माझ्यातही नव्हती. मला दिवस गेले होते एकदा." मी सुपातच हात धरून बसले. ती नवीन नांदायला आली तेव्हाची गोष्ट. तिसऱ्या महिन्यात पोट पडलं, सासूबाईंनीच तेव्हा तिला तुपातला डिंक खायला घातला होता आणि पुढे सोयीने विसरून गेल्या, "पाळी लांबली होती नुसती" म्हणू लागल्या. त्यानंतर वर्षभरात गृहस्थांना गालगुंड झालं. एरवी पोरांना होतं ते यांना मिशा फुटल्यावर झालं. गाल सुजले, उतरले, सगळ्यांना हायसं वाटलं, आणि मग एकाएकी दुखणं खाली उतरलं. अंडं म्हणजे... मी लिहितेच, त्यांना शास्त्रात वृषण म्हणतात... दोन्ही वृषणं सुजून लिंबाएवढी झाली, हात लावू देईनात, ताप डोक्यात गेला. आईला सांगायची लाज, बापाला सांगायची लाज, वैद्याला दाखवायची त्याहून लाज. मग राहिली कोण? पंधरा वर्षांची बायको. अळशीचं पोटीस शिजवून, फडक्यात घालून, तिने दिवसचे दिवस शेक दिला. "सूज उतरली गं," अक्का म्हणाली, "पण उतरता उतरता थांबेचना. हरभऱ्याएवढी राहिली दोन्ही. मी बघतच राहिले. त्यानंतर मला कधी दिवस गेले नाहीत." आणि मग खडा टाकल्यासारखं तिने ते वाक्य बाजूला टाकलं आणि पुढचे तांदूळ ओढले. मी विचारलं, हे त्यांना सांगितलंस का? म्हणाली, "सांगितलं की. पुढचा दात तेव्हाच पडला माझा."

मला ते खरं वाटलंही आणि वाटलंही नाही. कारण पुरुष म्हणून त्यांचं काही अडलेलं नव्हतं, हे तिच्याइतकंच मलाही माहीत. दिवाळीला माहेरी ठाण्याला आले. दादा तोवर इथल्या दवाखान्यात असिस्टंट झाला होता. मराठीतून डॉक्टरी शिकलेला, कपाटात शरीराची पुस्तकं, त्यांत लाल-निळ्या रेघांची चित्रं. मी सरळ विचारलं. बिचारा कानापर्यंत लाल झाला. सख्ख्या बहिणीने असलं विचारायचं म्हणजे काय! पण माझं तोंड बघून त्याने नाही म्हटलं नाही. त्याने माझ्याकडे पाठ केली आणि खिडकीबाहेरच्या शेवग्याला शिकवावं तसा बोलू लागला.

त्याने सांगितलं ते मी माझ्या भाषेत सांगते. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना घेवड्याच्या दाण्यासारखी दोन मूत्रपिंडं असतात. रक्तातलं नको असलेलं पाणी ती गाळतात. ते पाणी दोन बारीक नळ्यांतून ओटीपोटातल्या पिशवीत, मूत्राशयात, उतरतं आणि साठतं. पिशवीच्या तोंडाखाली सुपारीहून जराशी मोठी एक गाठ असते, तिच्या पोटातून मूत्राचा मार्ग बाहेर जातो. म्हातारपणी हीच गाठ वाढते आणि मग आजोबा मोरीत उभे ते उभेच. हा झाला पाण्याचा कारभार. बीजाचा कारभार वेगळा. तो अंडकोशातल्या दोन वृषणांत चालतो. प्रत्येकाच्या आत केसासारख्या बारीक नळ्यांचा गुंता असतो, तिथे बीज तयार होतं, वृषणाच्या पाठीला चिकटलेल्या वेटोळ्यात उतरतं. तिथून एक लांब नळी निघते. ती जांघेतून पोटात चढते, मूत्राशयाच्या मागून वळसा घेते, आणि त्या सुपारीएवढ्या गाठीत शिरून मूत्राच्या मार्गाला मिळते. वाटेत मागच्या दोन पिशव्या आणि ती गाठ आपापलं पाणी तिच्यात मिसळतात. आता गंमत इथेच आहे, दादा म्हणाला. बाहेर येतं त्यात बहुतेक भाग या पिशव्यांचा आणि गाठीचाच असतो. बीज इतकं सूक्ष्म की डोळ्यांना दिसत नाही. म्हणजे वृषणं सुकली, बीज एक उरलं नाही, तरी दिसायला सगळं तेवढंच. त्या माणसाला स्वतःलाही कळायचं नाही. दाढी राहते, आवाज राहतो, जोर राहतो. फक्त मूल होत नाही.

"म्हणजे कल्याण स्टेशनासारखंच की रे," मी म्हणाले. पुण्याकडून एक रूळ येतो, नाशकाकडून दुसरा, कल्याणला मिळतात आणि पुढे ठाण्या-मुंबईकडे वाट एकच. नाशकाच्या बाजूला गाडीच सुटली नाही तरी पुण्याची आपली वेळेवर येते, धूर काढते, शिट्टी मारते. दादा पहिल्यांदा वळला आणि हसला. म्हणाला, हे मला परीक्षेत सुचलं असतं तर! आणि मग गंभीर होऊन म्हणाला, गालगुंड असं उतरतं कधी कधी आणि दोन्ही वृषणं सुकली तर त्यावर औषध नाही, जगात कुठेच नाही. मी परत कल्याणला गेले ती हे सगळं पोटात घेऊन. अक्काला सगळं सांगितलं. "म्हणजे पुस्तकातही आहे," एवढंच म्हणाली. आणि मग, "त्या डागांचं पुस्तकात काही नाही ना गं?"

पुढल्या चैत्रात सासूबाईंनी वैद्यबुवांना बोलावलं. त्यांनी माझी नाडी पाहिली, अक्काची पाहिली, गृहस्थांची पाहायची गरज त्यांना वाटली नाही, पण घरात दोन बायका आणि पाळणा रिकामा म्हटल्यावर दोष नेमका कोणात ते ठरवायला हवं. त्यांनी परीक्षा सांगितली. तीन मातीची बोळकी आणायची, प्रत्येकात मूठभर मूग घालायचे, आणि त्यांवर ज्याचं त्याचं सकाळचं पहिलं पाणी ओतायचं. परसात केळीखाली पेंढ्यात झाकून ठेवायची. ज्याच्या बोळक्यात मूग रुजतील त्याच्या अंगी फळ धरायची शक्ती, ज्याचे कुजतील त्याच्यात दोष. तिसरं बोळकं गृहस्थांचं, तेही आपलं ताडून पाहायला, त्यांच्या मुगाला कसे भराभर कोंब येतात ते बायकांना दिसावं म्हणून. जिथून पाणी तिथूनच बीज, असं वैद्यबुवा म्हणाले आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मी दाराआड उभी होते. दोन कारभार वेगळे, वाट तेवढी शेवटी एक, हे मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, आणि सांगितलं असतं तर जीभच उपटली असती माझी. वर सासूबाईंनी जाहीर केलं की जिचे मूग कुजतील तिला डाग द्यायचे. अक्काचं पोट डागून झालेलंच होतं, तेव्हा हे माझ्यासाठी होतं. डागणीवाल्याला निरोपसुद्धा गेला. माझी गाळण उडाली. जेवण जाईना, झोप येईना, आणि त्या मुगांकडे तर बघवेना.

बोळकी लावायचं काम सासूबाईंनी अक्कावर टाकलं. असल्या विटाळाच्या भांड्यांना त्या हात लावणार थोड्याच! अक्काही कधी नव्हे ती निमूट हो म्हणाली. ठरल्या दिवशी वैद्यबुवा आले, शेजारचे दोघे-चौघे आले, गृहस्थ मिशीला पीळ देत पाटावर बसले. पहिलं बोळकं माझं. पेंढा काढला तर मुगांना हे एवढाले पांढरे कोंब. मी केळीला धरलं. दुसरं अक्काचं. त्यात तर अशी रुजवण की कढईत घालून उसळ करावी. वैद्यबुवा घसा खाकरू लागले. तिसरं उघडलं आणि आंबूस वास सुटला. बुळबुळीत, फुगलेले, फुटलेले मूग, कोंब म्हणून नाही. अक्का पदर खोचून पुढे झाली, तिन्ही बोळकी त्यांच्यासमोर ओळीने मांडली आणि म्हणाली, "बोला वैद्यबुवा. आता डागणी कोणाच्या पोटावर?"

अगं आई गं... ते तोंड मी जन्मात विसरणार नाही. गृहस्थांचा रंग आधी पांढरा, मग काळानिळा. वैद्यबुवा म्हणाले की नक्षत्र चुकलं. सासूबाईंनी बोळकी लाथेने उडवली. शेजारच्यांनी हसू दाबत काढता पाय घेतला, आणि तासाभरात आमच्या पारनाक्यापासून तळ्यापर्यंत सगळ्या कल्याणला कळलं. गृहस्थांनी वहाणेने मारलं अक्काला, गुरालाही मारवणार नाही तसं मारलं. मी मध्ये पडले तर मलाही. पण डागणीवाला आला तसा परत गेला. संध्याकाळी तिची पाठ शेकताना मी म्हणाले, देव होता गं पाठीशी. तर ती कण्हता कण्हता हसली. "कसला देव! त्यांच्या बोळक्यातले मूग मी आधीच उकडून, वाळवून घातले होते. आणि तुझ्या न् माझ्या बोळक्यात विहिरीचं पाणी आहे." मला हसावं की रडावं कळेना. परीक्षा खोटी, मूग खोटे, आणि निघालेला निकाल मात्र अक्षर न् अक्षर खरा. मुगांवर लघवी ओतून वृषणांची हालहवाल कळत नाही, वैद्यबुवा, हे मी आज तुम्हाला छापून सांगते. तुम्ही अजून हयात आहात आणि अजून बोळकी मांडता असं ऐकते.

त्यानंतर मला त्या घरात ठेवणं त्यांना शक्यच नव्हतं. दादाला निरोप गेला, येऊन घेऊन जा. दादा आला, आणि मी अक्काला म्हणाले, तूही चल. तिला माहेर उरलं नव्हतं, दादा तिला बहिणीसारखी ठेवायला तयार होता. तिने मान हलवली. "मी निघाले की हे दुसऱ्या दिवशी बाशिंग बांधून उभे राहतील. अजून एक पोर येईल, तिलाही डागतील. मी इथेच बसते." आणि बसली. सांगितलं तसं केलं. तिला गोठ्याशेजारच्या खोलीत टाकली, शिळंपाकं वाढलं, तरी पुढचा उंबरठा तिने सोडला नाही. मुलीकडचं कोणी पत्रिका घेऊन आलं की ती गूळपाणी घेऊन पुढे यायची, पाहुण्यांसमोर ठेवायची, आणि खणखणीत आवाजात म्हणायची, "मुलीबरोबर पोळपाट-लाटणं द्या हो, पाळणा देऊ नका. या घरात पाळणा हलायचा नाही, यांना गालगुंड उतरलं होतं." पाहुण्यांच्या हातातलं फुलपात्र तसंच राहायचं. काही हसायचे, काही संतापायचे, पण पुन्हा यायचं कोणी नाही. भिवंडीचं स्थळ असं परत गेलं, कळव्याचं गेलं, डोंबिवलीचं तर अर्ध्या वाटेतूनच वळलं कारण तिथवर बातमी आधीच पोचली होती. प्रत्येक वेळी तिला मार बसायचा. एकदा तिला आतल्या खोलीत कोंडून ठेवली तर तिने दाराला तोंड लावून तेच ओरडून सांगितलं. वेडी झाली असं त्यांनी उठवलं. झालीच असती दुसरी कोणी.

शेवटची भेट कल्याणच्या तळ्याकाठी. मी तिकडे एका लग्नाला गेले होते, ती काशीबरोबर धुणं घेऊन आली होती. हाडांचा सापळा झाला होता, केस पांढरे, पण जीभ तशीच. मी हात धरून म्हणाले, अक्का, पुरे झालं, चल आता. तिने धुण्याचा पिळा खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "अगं, अजून मिशांना काळं लावतात ते. ज्या दिवशी लावायचं सोडतील त्या दिवशी येते." माझ्या मुलाबाळांची चौकशी करावी तशी तिने दादाच्या मुलांची चौकशी केली, धाकटीला दात आले का विचारलं. मग काशी घाई करू लागली आणि दोघी निघून गेल्या.

...तर अशी ती गेली, आणि दारावरची राखण उठली. सुतक फिटायच्या आधी मी दादाला घेऊन ठाकुर्लीला गेले. मुलगी परकरातली, ओसरीवर चिंचोके खेळत होती, आम्हाला बघून आत पळाली. तिच्या बापाला मी काहीएक आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. गालगुंड, शेक, सुकलेली वृषणं, सगळं. ऐकता ऐकता बाप उसळला. "बाईमाणूस असून तोंडाला काही विधिनिषेध? हा सवतीमत्सर आहे, दुसरं काही नाही!" मी म्हणाले, सवत मेली हो, मत्सर कोणाचा करू? तो म्हणाला, पुरावा काय? तेव्हा आमचा दादा, जो त्या दिवाळीत शेवग्याशी बोलला होता, तो पहिल्यांदा सरळ समोर बघून बोलला. पुरावा अगदी सोपा आहे, म्हणाला. बीज नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, पण सूक्ष्मदर्शक यंत्राखाली दिसतं. जिवंत असतं, शेपटी हलवत पळतं. नवरदेवाने ठाण्याला यावं, एका बाटलीत नमुना द्यावा, एक थेंब काचेवर ठेवू. पळताना दिसलं तर आम्ही दोघे भाऊबहीण पारनाक्यावर येऊन त्यांचे पाय धरू. तेवढ्यात आतून, दाराच्या फटीतून, मुलीच्या आईचा आवाज आला, "मग येऊ द्या की त्यांना. एक थेंबच मागतात ना?"

बापाला बायकोचं ऐकावं लागलं. त्याने कल्याणला निरोप धाडला. आज इतके दिवस झाले, नवरदेव ठाण्याकडे फिरकलेले नाहीत. कल्याणहून ठाणं काही विलायतेत नाही, गाडीत बसलं की आलंच. आलं काय तर भटजीच्या तोंडून उलटा निरोप: 'बाईने कुठे माझं नाव घेतलं, तर अब्रूनुकसानीची फिर्याद ठोकीन.' ठाकुर्लीचा मुहूर्त लांबला आहे, पण मोडलेला नाही. आणि तो मोडला तरी काय? आज ठाकुर्ली, उद्या शहापूर, परवा आणखी कोणतं गाव. पोरीच्या बापांना घाई असतेच आणि कोठारात भात असतोच. अक्का एका दारात बसून होती, दार एकच होतं, तिला जमलं. मला गावोगाव कुठे पुरं पडणार! म्हणून हे छापून घेते आहे. संपादकांनी भीत भीत दादाला विचारलं, छापायचं का? दादा म्हणाला, काना-मात्रा न बदलता छापा.

तेव्हा मुलींच्या बापांनो, नीट वाचा आणि लक्षात ठेवा. श्रीपत नारायण दिवेघरे, राहणार पारनाका, कल्याण. वय पन्नाशीकडे झुकलेलं, मिशा काळ्या केलेल्या. दोन बायका केल्या, दोघींना वांझ म्हटलं, एकीला डागून डागून, मारून मारून मारलं, दुसरी हे लिहिते आहे. वांझ ते स्वतः आहेत. आणि श्रीपतराव, तुम्ही फिर्याद लावाच. कोर्ट इथे ठाण्यातच आहे, माझ्या घरापासून चालत जाण्यासारखं. मी रोज येऊन बसेन. मॅजिस्ट्रेट तुम्हाला पहिलंच विचारतील की ही बाई म्हणते ते खोटं कशावरून, तेव्हा पुढे काय ठेवायचं ते वकिलाकडून आधी समजून घ्या. बाटली आणायची तसदी घेऊ नका, दादाने एक धुऊन ठेवली आहे.